साडेपाच फूट सरळ रेषा : तोड्याच्या बंदुकीची लाकडी प्रतिकृती

एका शाळेच्या छोट्या इतिहास-दालनासाठी तोड्याच्या बंदुकीची प्रतिकृती हवी होती. पहिले पत्र ६ जानेवारी २०२५ ला गेले आणि १५ सप्टेंबरला बंदूक काचेच्या कपाटात बसली. म्हणजे आठ महिने नऊ दिवस. रंधा-पटाशी हातात धरून केलेले काम वेगळे मोजले तर बावीस-तेवीस दिवसांच्या वर जात नाही. बाकीचा वेळ पत्राचे उत्तर यायची, लाकूड वाळायची आणि पाऊस उघडायची वाट बघण्यात गेला. असे काम हाती घेणाऱ्याने वेळ ठरवताना हे प्रमाण धरूनच बोलावे.

आधी वस्तू कोणती ते. गजाने दारू-गोळी ठासायची, रंजकाच्या वाटीत चिमूटभर दारू घालायची आणि जळता तोडा त्यात टेकवायचा, अशी ही बंदूक. तोडा म्हणजे सोऱ्याच्या पाण्यात भिजवून वाळवलेली सुती दोरी. ती भडकत नाही, धुमसत राहते. आपल्याकडच्या तोड्याच्या बंदुकीचा दस्ता, म्हणजे नळी जिच्यावर बसते ती लाकडी बैठक, अगदी सडपातळ आणि जवळपास सरळ असतो. त्याचा छेद पंचकोनी. तोडा धरणारा वाकडा दांडा दस्त्याच्या मधल्या खाचेतून वर येतो आणि पुढे, वाटीकडे झुकतो. युरोपातल्या बहुतेक जुन्या तोडेदार बंदुकांत तो बाजूच्या पट्टीवर असतो आणि नेमबाजाच्या दिशेने मागे पडतो. चित्रे बघून काम करणारे इथेच पहिल्यांदा फसतात, कारण हाताशी मिळणारी आकृती बहुधा युरोपीय बंदुकीची असते. सिंधकडच्या बंदुकांचा दस्ता मागे रुंद आणि वळणदार असतो, दक्षिणेतल्या काही बंदुकांचाही वेगळा असतो. तेव्हा कुठली बंदूक करतो आहोत हे कागदावर लिहून ठेवावे आणि दोन प्रकारांची खिचडी करू नये.

नळी आणि दस्ता बऱ्याच ठिकाणी बघायला मिळतात. सगळे भाग शाबूत असलेली बंदूक मात्र दुर्मिळ. तोडा धरणारा दांडा मोडलेला, वाटीचे झाकण गेलेले, वाटीतली आग नळीत नेणारे बत्तीचे छिद्र साफ करायची सुई साखळीसकट हरवलेली, पट्ट्या नंतर कुणीतरी पितळी तारेने बांधलेल्या, असेच बहुतेक नमुने असतात. त्यामुळे एकाच बंदुकीवरून पूर्ण प्रतिकृती होत नाही. मूळ नमुना एक धरायचा, गेलेले भाग त्याच घडणीच्या दुसऱ्या नमुन्यावरून घ्यायचे आणि कपाटातल्या पाटीवर तसे लिहायचे. पुण्यात सुरुवात करायची तर राजा दिनकर केळकर संग्रहालयातली शस्त्रे आधी नुसती डोळ्यांनी बघून यावीत. पहिल्या दिवशी टेप नेऊ नये. काय मोजायचे हेच तेव्हा कळत नाही.

ज्या संग्रहालयातला नमुना धरला, त्यांना शाळेच्या लेटरहेडवर पत्र दिले. १२ फेब्रुवारीला उत्तर आले: काचेबाहेरून, फ्लॅश न वापरता फोटो काढा, कपाट उघडणार नाही. नोंदवहीतली एकूण लांबी मात्र त्यांनी आवर्जून कळवली, १६९ सेंटीमीटर. या एका आकड्याने पुढे सगळे काम तारले.

कारण असे. १८ फेब्रुवारीला काचेवर स्टीलची पट्टी चिकटवून दीड मीटरवरून फोटो काढले. घरी येऊन पट्टीच्या हिशेबाने बंदूक मोजली तर भरली १४५ सेंटीमीटर. पट्टी काचेवर होती आणि बंदूक काचेच्या मागे सुमारे २५ सेंटीमीटरवर टांगलेली होती. कॅमेऱ्यापासून पट्टी १.५० मीटर, बंदूक १.७५ मीटर. १.५० भागिले १.७५ म्हणजे ०.८५७, आणि १६९ गुणिले ०.८५७ म्हणजे १४५. चूक बरोब्बर तेवढीच! नोंदवहीतला आकडा नसता तर वीतभर आखूड बंदूक तयार झाली असती आणि कुणाला कळलेही नसते.

यावर दोन उपाय. जागा असेल तर पाच मीटर मागे जाऊन झूम लावून फोटो घ्यावा. चूक पाच टक्क्यांच्या आत येते. दुसरा आणि खरा उपाय म्हणजे पट्टीवर विसंबूच नये. पूर्ण बंदूक एका फोटोत, चौकटीच्या मधल्या भागात घ्यावी (कडेला भिंगामुळे रेषा वाकतात), आणि प्रत्येक माप एकूण लांबीचा हिस्सा म्हणून काढावे. असे करून नळी ११८ सेंटीमीटर निघाली, नळीच्या मागचा दस्ता ५१. नळीची जाडी बुडाशी ३२ मिलिमीटर, टोकाकडे २०, आणि अगदी तोंडाशी फुगवटा २६. दस्त्याची रुंदी समोरून दिसतच नाही. त्यासाठी कपाटाच्या खालच्या काचेतून वर बघत एक आणि दस्त्याच्या बुडाकडून एक, असे दोन फोटो लागतात. तेवढ्यासाठी दुसरी फेरी झाली.

आता कायद्याचे. हा भाग शेवटी ठेवू नये. शस्त्र अधिनियम १९५९ मध्ये बंदुकीची व्याख्या करताना मुळात तशी बनवलेली आणि नंतर तशी करून घेतलेली, दोन्ही धरली आहेत. परवान्याशिवाय बंदूक बनवणे गुन्हा आहे. ‘नुसती शोभेची आहे’ या बोलण्याला तिथे किंमत नाही. कलम ४५ मध्ये जुनाट घडणीच्या, पुराणवस्तूचे मोल असलेल्या किंवा मोडक्या आणि दुरुस्त करूनही चालणार नाहीत अशा शस्त्रांना सूट आहे. ती नव्याने बनवलेल्या वस्तूला आपोआप लागू होते असे समजू नये. २०१६ च्या शस्त्र नियमांत प्रतिकृतींचा वेगळा उल्लेखही आहे. म्हणून पहिली रेघ ओढण्याआधी विचारून घ्यावे. पुणे आणि पिंपरी-चिंचवड यांची पोलीस आयुक्तालये २०१८ पासून वेगळी आहेत, त्यामुळे काम जिथे होणार त्या पत्त्यावरून कार्यालय ठरते. ग्रामीण हद्दीत हे अधिकार जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे असतात.

अर्ज २४ फेब्रुवारीला दिला, १० मार्चला परत आला. चूक आमचीच. विषयाच्या ओळीत ‘बंदूक बनविण्याबाबत’ असे लिहिले होते. १२ मार्चला नव्याने दिला. विषय: ‘शालेय प्रदर्शनासाठी भरीव लाकडी, निष्क्रिय प्रतिकृती करण्याबाबत मार्गदर्शन मिळणेस विनंती’. सोबत शाळेचे पत्र, करणाऱ्यांची आधार कार्डे, साध्या कागदावरचे स्वयंघोषणापत्र आणि नळीचा उभा छेद दाखवणारे रेखाचित्र. या छेदात नळी पूर्ण भरीव काळी रंगवली होती आणि चार गोष्टी लाल शाईत लिहिल्या होत्या: नळीला पोकळी नाही, तोंडाशी फक्त १५ मिलिमीटर खोल खळगा, बत्तीचे छिद्र नाही, नळी लाकडाची. समोरच्या टेबलावर सर्वांत आधी हाच कागद वाचला जातो. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नये. पुढच्या प्रत्येक फेरीला विचारणा त्या क्रमांकावरूनच होते. लेखी उत्तर २१ एप्रिलला मिळाले. त्यातली मुख्य अट अशी की रेखाचित्रात बदल केला तर पुन्हा कळवायचे. नोटरी, झेरॉक्स, फोटो प्रिंट मिळून ₹४६०.

नळीसाठी लोखंडी पाइप घ्या, सोपे पडेल, असा सल्ला वाटेत चार जणांनी तरी दिला. पाइप अजिबात घेऊ नये. जी वस्तू कधीही, कुणाच्याही हातात गेली तरी बंदूक होऊ शकत नाही अशीच करायची, तर ती पाइपापासून सुरू होत नाही. तसेच जुन्या बाजारात कुणी खरी जुनी नळी दाखवली तरी हात लावू नये. शस्त्र कायदा आहेच, शिवाय शंभर वर्षांहून जुन्या वस्तूला १९७२ चा पुरावशेष कायदाही लागतो. भरीव लोखंडी सळईचाही विचार झाला. या मापाची सळई पाच किलोच्या आसपास जाते, दस्ता ती पेलत नाही आणि टांगल्यावर पुढचे टोक खाली येते. लाकडी नळीचे वजन चारशे ग्रॅमच्या आसपास भरले.

लाकूड २६ एप्रिलला भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमधून आणले. जुने सागवान, वाड्याच्या मोडीतले. सहा फूट लांब, तीन इंच रुंद, दोन इंच जाड म्हणजे पाव घनफूट. ४,२०० च्या दराने ₹१,०५०. जुने लाकूड मुरलेले असते, एवढा एकच त्याचा फायदा. तोटे बरेच. आत मोडलेले खिळे असतात. रंध्याचे पाते एकदा खिळ्यावर गेले की अर्धा दिवस दगडावर घासण्यात जातो. लोहचुंबक दोऱ्याला बांधून फळीवरून फिरवावा. खिळा जवळ आला की दोरा तिरका होतो. वीस मिनिटांत सात खिळे सापडले. फळी निवडताना तिच्या टोकाचा छेद बघावा. वयाच्या रेषा उभ्या असतील तर घ्यावी, चंद्रकोरीसारख्या असतील तर दुकानदाराने कितीही गोडवे गायले तरी परत ठेवावी.

आमची फळी उभ्या रेषांची होती, तरी वाकली. दस्त्याच्या वरच्या बाजूला नळी बसायला ११८ सेंटीमीटर लांबीची अर्धगोल खोबण लागते. ती एका बैठकीत पूर्ण खोलीपर्यंत कोरली. दुसऱ्या दिवशी सकाळी दोरी लावून बघितली तर मध्ये ६ मिलिमीटरचा बाक. लाकडाच्या पोटात ताण असतो. वरचा थर काढला की खालचा मोकळा होतो आणि फळी धनुष्यासारखी ताणली जाते. दोन इंच जाडीच्या फळीतून वरचा निम्मा भाग कोरून काढल्यावर दुसरे काय होणार! वजन ठेवून, ओले फडके गुंडाळून पाहिले. दोन मिलिमीटर सरळ झाली आणि चार दिवसांत परत पहिल्यासारखी. ₹१,०५० गेले.

दुसऱ्या वेळी पद्धत बदलली, आणि या लांबीला ही एकच पद्धत सुचवण्यासारखी आहे. एक इंच जाडीच्या दोन फळ्या एकाच लाकडातून चिरून घ्यायच्या, पुस्तकाच्या पानांसारख्या उघडायच्या आणि एकीची टोके उलटी करून समोरासमोर चिकटवायच्या. एक फळी डावीकडे वाकू पाहते, दुसरी उजवीकडे. भांडण बरोबरीत सुटते. यात आणखी मोठा फायदा आहे. तोड्याचा दांडा जिथून वर येतो ती ८ मिलिमीटर रुंद खाच अखंड लाकडात कोरणे जवळपास अशक्य. पटाशी आत वळतच नाही. दोन फळ्यांत मात्र चिकटवण्याआधी प्रत्येकीत ४-४ मिलिमीटर खोल कोरून घ्यायची की झाले. दस्त्याच्या खालून जाणाऱ्या गजाच्या नाळीचेही तेच. एक मीटर लांब भोक पाडायला गिरमिट मिळत नाही आणि मिळाले तरी ते सरळ जात नाही. दोन फळ्यांत अर्धी-अर्धी नाळ आधीच कोरावी. चिकटवताना तिच्यात मेणाचा हात दिलेली सळई घालून ठेवावी आणि सरस घट्ट होण्याआधी, तासाभराने, ती फिरवून काढावी. काढायला विसरलात तर ती बंदुकीचा कायमचा भाग होते. सांधा वर नळीखाली लपतो आणि खाली पंचकोनाच्या कडेवर येतो, त्यामुळे शोधणाऱ्यालाच दिसतो.

चिकटवायला पाण्याला टिकणारा लाकडाचा सरस, दर सहा इंचाला एक असे बारा क्लॅम्प. बारा क्लॅम्प कुणाकडेच नसतात. बोहरी आळीत नवे घ्यायला गेलो तर सबंध कामापेक्षा महाग पडतात. ओळखीच्या सुताराकडून दोन दिवसांसाठी आणावेत. खोबण दोन टप्प्यांत करावी. आधी मापापेक्षा ४ मिलिमीटर उथळ, मग दहा दिवस विसावा, मग अंतिम. विसाव्यात फळी भिंतीला टेकून उभी ठेवू नये. आडवी, खाली तीन सारख्या पट्ट्या देऊन ठेवावी.

हा विसावा आम्हाला भोवला. त्या वर्षी २६ मेलाच मान्सून पुण्यात पोचला. ओलावा मोजायच्या यंत्रावर मेच्या मध्यात ११ टक्के दाखवणारे लाकूड जूनच्या दुसऱ्या आठवड्यात १५ वर गेले. खोबण रुंदीला अर्धा मिलिमीटर आकसली आणि आधी सैल बसणारी नळी अडकायला लागली. घासून मोठी करायचा मोह होतो. करू नये, हिवाळ्यात तीच खोबण सैल पडते. दोन पावसाळी दिवस दस्ता दिव्याच्या पिवळ्या बल्बखाली बंद खोलीत ठेवला आणि १२ टक्क्यांवर आल्यावर अंतिम माप घेतले.

नळी. कातारी चार फुटी बारीक दांडा घेत नाहीत, आणि त्यांचे बरोबर आहे. मध्ये आधार नसला तर लाकूड धडधडते आणि अंगावर लाटा उठतात. हाताने करायची पद्धत जुनी आहे. आधी चौकोनी पट्टी, बुडाशी ३२ आणि टोकाशी २० मिलिमीटर, अशी निमुळती रंधून घ्यायची. मग तिचे आठ पैलू. प्रत्येक बाजूवर दोन रेघा अशा मारायच्या की रुंदीचे ७ : १० : ७ असे तीन भाग पडतील. ३२ ला ही रेघ कडेपासून ९.३ मिलिमीटरवर येते, २० ला ५.८ वर. पट्टी निमुळती असल्याने एकाच मापाचा गेज चालत नाही. एका पट्टीला दोन टोकांना दोन खुंट्या आणि मध्ये ७-१०-७ अंतरावर दोन खिळे ठोकायचे. ही पट्टी लाकडावर तिरकी धरून ओढली की जिथे रुंदी कमी तिथे ती आपसूक जास्त तिरकी होते आणि प्रमाण कायम राहते. जहाजाच्या डोलकाठ्या अशाच आखतात. आठाचे सोळा पैलू नजरेने, मग सोळाचे गोल पॉलिश पेपरच्या पट्टीने, बूट पुसल्यासारखे. तोंडाचा फुगवटा वेगळा कातून चढवला. नेम धरायची माशी पितळेची, दोन मिलिमीटरच्या खिळ्यावर बसवलेली.

लोखंडी भाग भोसरीत लेसरवर कापून घेतले. दस्त्याच्या दोन्ही बाजूंच्या पट्ट्या १.६ मिलिमीटर पत्र्यातून, चाप ३ मिलिमीटरमधून, तोड्याचा दांडा ५ मिलिमीटरमधून. सगळे मिळून मूठभर लोखंड, पण किमान बिल असते; ₹१,४०० दिले. म्हणून फाइल पाठवण्याआधी सगळे सुटे भाग एकाच पत्रकात घालावेत आणि दांडा व चाप यांचे दोन-दोन नग मागावेत. जादा नगाला फारसे पैसे पडत नाहीत. लेसरने पाडलेले बारीक भोक एका बाजूला किंचित रुंद असते, कडाही कडक होतात आणि कानस घसरते. ४ मिलिमीटरची खीळ बसवायची असेल तर फाइलमध्ये भोक ३.५ चे ठेवून नंतर ड्रिलने मोठे करावे.

दोन नग मागितल्याचा फायदा आठवड्यात कळला. दांड्याची खाच दस्त्याच्या मधोमध, आणि रंजकाची वाटी नळीच्या उजव्या अंगाला. म्हणजे दांड्याला पुढे झुकता झुकता २० मिलिमीटर उजवीकडेही जायला हवे, आणि हे वळण सपाट पत्र्यातून कापलेल्या तुकड्याला तापवून द्यावे लागते. वळण दिले की दांड्याची उंची घटते. आम्ही ती घट धरली नव्हती. पहिला दांडा वाटीपर्यंत पोचलाच नाही, नळीच्या कुशीत जाऊन टेकला. दुसऱ्या नगासाठी आधी पुठ्ठ्याचा नमुना कापला, तो वळवला, टाचणीवर फिरवून पाहिला आणि खिळीची जागा ३ मिलिमीटर पुढे घेतली. पुठ्ठ्याचे हे काम अर्ध्या तासाचे होते. ते लेसरच्या आधी करायचे असते.

दांडा हलता ठेवला आहे, कारण चाप दाबल्यावर तो कसा झुकतो हे मुलांना दाखवायचे होते. मात्र खाचेत आडवी खीळ घालून त्याला वाटीच्या १५ मिलिमीटर अलीकडे थांबवले. वाटी तांबट आळीत दोन मिलिमीटर पितळी पत्र्यातून ठोकून घेतली, ₹४००. कारागिराला ‘दिव्याच्या वाटीएवढी, एका बाजूला सपाट’ असे सांगितले की पुरते. रेखाचित्र दाखवले तर तो हसतो. तिला छिद्र नाही. तोडा म्हणून पाचपदरी सुती दोरी, चहाच्या पाण्यात रंगवलेली. सोरा वगैरे काही लावायचा नाही.

नळी आणि दस्ता एकत्र धरणाऱ्या पट्ट्या पाच. दोन कच्च्या चामड्याच्या, तीन पितळी तारेच्या, प्रत्येकी १४ वेढे, तार ०.९ मिलिमीटर. तार आणल्या आणल्या गुंडाळली तर ती स्प्रिंगसारखी उसळते. गॅसवर मंद लाल करून गार होऊ द्यावी, मग दोऱ्यासारखी वागते. चामडे भिजवून गुंडाळायचे. वाळताना ते आवळते. फार ताणून गुंडाळू नये. पहिल्या वेळी वाळताना त्याने नळीवरचा ताजा रंग ओरबाडून काढला.

आणि रंग. सबंध कामात सर्वांत कमी लेखलेला भाग हाच. लाकूड लोखंडासारखे दिसायला हवे तर त्याचे रेषे पूर्ण बुजले पाहिजेत. काळा रंग जितका चकचकीत तितके ते उठून दिसतात. क्रम असा ठेवला: सीलरचे तीन हात, गाड्यांना लावतात त्या पुट्टीचे दोन हात, मध्ये २२०, ४०० आणि ८०० नंबरचा पेपर, मग काळा प्रायमर, त्यावर निमचमक लॅकर, आणि लॅकर पूर्ण वाळल्यावर शिसपेन्सिलीतल्या ग्रॅफाइटची पूड कापडाने घासून. लोखंडाची ती निळसर-करडी झाक ग्रॅफाइटने येते. चंदेरी रंग वापरला तर गणपतीच्या आराशीतली बंदूक वाटते. जुलैत लॅकर मारल्यावर नळीभर पांढरट धुके धरले. हवेतला दमटपणा ओल्या लॅकरवर बसतो. संथ वाळणारे थिनर घातल्यावर, आणि पाऊस नसलेल्या दुपारी मारल्यावर ते गेले. अशी दुपार मिळायला १९ दिवस लागले. सीलर, पुट्टी, लॅकर, सरस, पेपर धरून ₹२,१५०.

दस्त्याला जवसाचे तेल, चार हात, दोन हातांत दोन दिवसांचे अंतर. तेलाची फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नयेत, आपोआप पेट घेतात. पसरून वाळवावीत किंवा पाण्यात बुडवावीत.

बंदूक २२ ऑगस्टला तयार होती, पण शाळेत नेली नाही. २७ ला गणेश चतुर्थी. सणाच्या दिवसांत महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली शस्त्रे बाळगायला मनाई करणारे आदेश निघत असतात, आणि साडेपाच फुटी बंदूक रस्त्याने जाताना पाहून ती लाकडाची आहे हे कुणी विचारत नाही. विसर्जन होऊन आठवडा गेल्यावर नेली. प्लायवूडची सहा फुटी पेटी (₹२,३००), आत फोम, झाकणावर ‘शालेय प्रतिकृती, निष्क्रिय’ असा कागद, आणि पेटीच्या आत लेखी उत्तर, अर्जाची पोच व शाळेचे पत्र यांच्या प्रती. रिक्षात पेटी बसत नाही. टेम्पोचे ₹९००. स्थानिक पोलीस ठाण्यात आदल्या दिवशी तारीख, वेळ आणि रस्ता लिहून दिला होता.

उरलेला खर्च म्हणजे नळीचे लाकूड ₹३५०, तार-चामडे ₹५२०, खिळी, स्क्रू, ड्रिलची पाती ₹३८०. वाया गेलेल्या फळीसकट एकूण ₹१०,९६०. मजुरी धरलेली नाही.

कपाटात दोन ब्रॅकेट दिले, दोन्ही टोकांपासून ३७ सेंटीमीटरवर. एकूण लांबीच्या साधारण २२ टक्क्यांवर आधार दिला की लांब वस्तू सर्वांत कमी झुकते. टोकांना दिला तर पोट खाली येते, मध्यभागी आणला तर टोके. पूर्ण वजन सव्वादोन किलो भरले, मूळ बंदुकीच्या निम्मे असेल. पाटीवर तेही लिहिले आहे, आणि दांडा, सुई व वाटीचे झाकण दुसऱ्या नमुन्यांवरून घेतल्याचेही.

नोव्हेंबरच्या सुरुवातीला हवा कोरडी झाल्यावर दोरी लावून पुन्हा तपासले. बाक एक मिलिमीटरहून कमी. तिसऱ्या पट्टीपाशी नळी आणि दस्ता यांत पोस्टकार्ड सरकेल एवढी फट पडली होती. तारेचे टोक चिमट्याने अर्धा वेढा आवळले, फट मिटली. पुढची तपासणी मेमध्ये.